अख्खं जेल निळं झालं, मग बँड गेले कुठे?

पहिल्यांदा आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग, म्हणजे जेलमध्ये करंट सोडून प्रोटीन वेगवेगळी करायची एक पद्धत, केलं तेव्हा मी जेल सवयीप्रमाणे थेट कूमासीच्या, म्हणजे प्रोटीनवर चढणाऱ्या निळ्या रंगाच्या ट्रेमध्ये सोडलं, रात्रभर शेकरवर ठेवलं आणि सकाळी मोठ्या उत्साहात झाकण काढलं तर आत एकसारखा निळाशार तुकडा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बँड, म्हणजे प्रोटीन जिथे जमतं तिथल्या रेषा, वगैरे काही नाहीच. आधी वाटलं सॅम्पल जास्त पडलं असेल. मग डिस्टेन करत, म्हणजे जास्तीचा रंग धुऊन काढत बसलो, दिवसभर, आणि संध्याकाळी बॅकग्राउंड जरा उतरलं तोवर जे दोन-चार बँड डोकं वर काढत होते तेही फिके पडले. शेजारच्या टेबलवरच्या सीनियर ताईने नुसतं लांबून बघितलं आणि विचारलं, "आधी टीसीएत टाकलं होतंस का?" नव्हतं टाकलं. "मग हे अँफोलाइट रंगवलेस तू, प्रोटीन नाही."

टीसीए म्हणजे प्रोटीन गोठवणारं एक आम्ल, आणि अँफोलाइट म्हणजे फोकसिंगसाठी जेलमध्येच घातलेले छोटे रेणू. त्या एका वाक्यामागे बरीच मजेदार केमिस्ट्री आहे, ती जरा सावकाश सांगतो, कारण प्रोटोकॉलमध्ये फक्त "फिक्स करा", म्हणजे प्रोटीन जेलमध्ये जागच्या जागी गोठवा, एवढंच लिहिलेलं असतं आणि का ते कोणी लिहीत नाही, मग घाईत माणूस तीच पायरी गाळतो.

प्रोटीनच्या अंगावर दोन्ही प्रकारचे ग्रुप असतात, काही आम्लधर्मी जे निगेटिव्ह होऊ शकतात आणि काही अमाईनसारखे (नायट्रोजनवाले) जे पॉझिटिव्ह होऊ शकतात. किती ग्रुप कुठल्या बाजूला झुकतील ते आजूबाजूच्या पीएचवर ठरतं. पीएच कमी असेल तर प्रोटीन एकंदरीत पॉझिटिव्ह, जास्त असेल तर निगेटिव्ह, आणि मध्ये कुठेतरी एक असा पीएच येतो जिथे बेरीज बरोबर शून्य होते. त्याला म्हणायचं आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, लॅबमध्ये सगळे पीआय म्हणतात. आता असं जेल घ्या ज्यात एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अल्कली आहे आणि मधला पीएच हळूहळू चढत जातोय. आम्लाच्या टोकाला प्लस आणि अल्कलीच्या टोकाला मायनस जोडून करंट सोडला की प्रोटीन पळायला लागतं, पळता पळता पीएच बदलतो, तसा त्याचा चार्ज कमी होत जातो, आणि स्वतःच्या पीआयवर पोचलं की चार्ज शून्य, ओढणारं काही उरलं नाही, तिथेच थांबलं. तिथून चुकून इकडेतिकडे सरकलं तर परत चार्ज येतो आणि करंट त्याला मागे ढकलतो. म्हणून बँड पसरत नाहीत, उलट रेखीव होत जातात, आणि म्हणूनच नावात फोकसिंग आहे.

इथपर्यंत सगळं ठीक, पण तो पीएचचा चढ येतो कुठून?

साधे बफर, म्हणजे पीएच धरून ठेवणारी द्रावणं, एकावर एक ओतून चढ तयार करता येतो, 1950च्या दशकात अलेक्झांडर कोलिन यांनी तसं केलंही होतं, पण करंट चालू झाला की बफरचे आयन आपापल्या वाटेने निघून जातात आणि चढ मोडतो. 1961च्या सुमाराला स्वीडनमध्ये हॅरी स्वेन्सन यांनी कागदावर मांडलं की असे खूप सारे छोटे रेणू हवेत ज्यांच्यात आम्ल आणि अमाईन दोन्ही आहे, प्रत्येकाचा पीआय शेजाऱ्यापेक्षा किंचित वेगळा, आणि शिवाय स्वतःच्या पीआयवर चांगली बफरिंग करणारे. मग करंटच त्यांना ओळीने लावेल. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात तसंच, फक्त इथे रांग लावायला मास्तर नाही, जो तो आपली जागा शोधत जातो आणि जिथे थांबतो तिथला पीएच स्वतःच सांभाळतो. गंमत म्हणजे थिअरी तयार होती पण असे रेणूच नव्हते. ते बनवले ओलोफ वेस्टरबर्ग यांनी, तेही स्वीडनमध्येच. त्यांनी लांब पॉलिअमाईन घेतले, म्हणजे ज्यांच्यात एकामागून एक नायट्रोजन आहेत असे रेणू, आणि त्यांच्यावर अॅक्रिलिक अॅसिड चिकटवलं, कुठे एक कुठे दोन कुठे चार, मुद्दाम अस्ताव्यस्त, त्यामुळे एकाच बाटलीत शेकडो वेगवेगळे रेणू तयार झाले. हेच ते कॅरियर अँफोलाइट. बाजारात पहिल्यांदा अँफोलाइन नावाने आले, नंतर फार्मालाइट, सर्व्हालाइट वगैरे वेगळ्या केमिस्ट्रीचेही आले, पण सगळ्यांच्या अंगात अमाईन आहेतच, त्याशिवाय काम चालतच नाही.

हा अमाईन लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याची आहे.

आता रंगाकडे. कूमासी ब्रिलियंट ब्लू हा मुळात लोकर रंगवायचा रंग. नाव आलंय कुमासीवरून, ते शहर आज घाना देशात आहे, इंग्रज त्याचं स्पेलिंग वेगळं करायचे. लोकर म्हणजे काय तर प्रोटीनच, त्यामुळे लोकरीवर चढणारा रंग जेलमधल्या प्रोटीनवर चढणार हे ओघानेच आलं, आणि 1963 पासून तो प्रयोगशाळेत त्या कामाला लागला. रेणू बघितला तर मोठा, चपट्या रिंगा असलेला, आणि टोकाला सल्फोनेटचे दोन ग्रुप, म्हणजे निगेटिव्ह चार्ज. नेहमीचं स्टेन अॅसेटिक अॅसिड घातलेलं असतं, आम्लात प्रोटीनमधली लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन ही अमिनो आम्लं पॉझिटिव्ह होतात, निगेटिव्ह रंग तिथे जाऊन बसतो, आणि मग रिंगांचा भाग प्रोटीनच्या पाणी टाळणाऱ्या भागाला चिकटून पकड घट्ट करतो.

म्हणजे बघा, आपण म्हणतो की कूमासी प्रोटीन ओळखतो, पण तो प्रोटीन-बिटीन काही ओळखत नाही. तो पॉझिटिव्ह झालेला नायट्रोजन ओळखतो. आणि अँफोलाइट म्हणजे नायट्रोजनची माळच. आम्लाच्या ट्रेमध्ये जेल टाकलं की त्यातला प्रत्येक अँफोलाइट पॉझिटिव्ह होतो आणि रंगाला वाटतं वा, जागाच जागा. ज्या गुणासाठी अँफोलाइट बनवले त्याच गुणासाठी रंग त्यांना पकडतो, त्यामुळे "रंग न पकडणारा अँफोलाइट बनवू" हे म्हणायला सोपं आहे, पण अमाईन काढून घेतला तर तो अँफोलाइट राहतच नाही.

बरं, एकवेळ थोडाफार रंग गेला तर चाललं असतं. पण प्रमाण बघा. साधं 10 मिलीचं जेल धरा आणि त्यात 2 टक्के अँफोलाइट, नेहमीचंच प्रमाण आहे. म्हणजे 200 मिलिग्रॅम झाले. आणि प्रोटीन आपण किती टाकतो? सगळ्या लेन, म्हणजे जेलमधल्या सॅम्पलच्या उभ्या पट्ट्या, मिळून 100 मायक्रोग्रॅम म्हणू. म्हणजे रंगाच्या दृष्टीने जेलमध्ये एका प्रोटीनमागे वजनाने दोन हजार पट अँफोलाइट उभे आहेत. अशा गर्दीत बँड दिसला नाही यात नवल काय.

त्यात अजून एक वाईट गोष्ट. सुटा अँफोलाइट छोटा असतो, काहीशे ते हजार डाल्टनच्या (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास, तो जेलच्या जाळीतून आरामात बाहेर पडू शकतो. पण एकदा त्याच्यावर कूमासी बसला की जोडी जड होते, चिकट होते, नीट विरघळत नाही, आणि मग ती जाळीत अडकल्यासारखी राहते. म्हणून आधी रंगवून मग डिस्टेनमध्ये धुवायला गेलं की ते तासन्तास, कधी दिवस दिवस निघत नाही, आणि तेवढ्या वेळात प्रोटीनवरचाही रंग उतरायला लागतो. माझं नेमकं हेच झालं होतं. क्रम उलटा झाला होता.

तर उपाय कुठून काढायचा? चार्जवरून दोघांना वेगळं करता येत नाही, कारण चार्ज सारखाच. उरतो एकच फरक, आकार. प्रोटीन मोठं, अँफोलाइट छोटे. आणि टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड नेमका हा फरक वापरतं. त्यात प्रोटीन गोठून जाळीतच बसतं, इतके छोटे अँफोलाइट मात्र त्यात गोठत नाहीत, विरघळलेलेच राहतात आणि हळूहळू बाहेर झिरपतात. 10 ते 20 टक्के टीसीए वापरतात, बरेच जण जोडीला 3 ते 5 टक्के सल्फोसॅलिसिलिक अॅसिड घालतात. (टीसीए हातावर सांडलं तर भाजतं, ग्लोव्ह्ज घाला, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.)

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती धुण्याच्या हिशोबात. लोक म्हणतात, मोठ्या ट्रेमध्ये भरपूर टीसीए ओतून रात्रभर ठेवलं की झालं. नाही होत. कपड्याचा साबण काढताना कसं, एका मोठ्या बादलीत एकदा बुचकळून काढण्यापेक्षा त्याच पाण्याच्या तीन छोट्या बादल्या करून तीनदा खळबळलं की कपडा जास्त स्वच्छ निघतो, इथेही तेच. 10 मिलीचं जेल 300 मिलीत ठेवलं, कितीही वेळ ठेवलं, तरी शेवटी अँफोलाइट जेल आणि द्रावण दोन्हीकडे सारखे पसरतात आणि जेलमध्ये 31 वा हिस्सा उरतो, म्हणजे 200 मिलिग्रॅममधले साडेसहा मिलिग्रॅम. तेच 300 मिली तीन भागात वापरलं, दर वेळी 100, तर पहिल्या धुण्यात 11 वा हिस्सा उरला, दुसऱ्यात त्याचा 11 वा, तिसऱ्यात त्याचाही 11 वा, म्हणजे 1331 वा हिस्सा, अंदाजे 150 मायक्रोग्रॅम. खूप कमी झालं असं वाटतं ना? पण प्रोटीन 100 मायक्रोग्रॅम होतं, अँफोलाइट अजूनही जास्तच आहेत! चौथ्यांदा बदललं की 14 मायक्रोग्रॅमवर येतात, तेही अख्ख्या जेलभर पसरलेले, आणि तेव्हा कुठे बँड मोकळे दिसायला लागतात. हा हिशोब आदर्श आहे, खऱ्या जेलमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण समतोल होईपर्यंत आपण थांबत नाही, पण "तीन-चार वेळा बदला" असं जे सगळे सांगतात ते अंधश्रद्धेतून नाही एवढं कळायला पुरेसा आहे.

वेळ किती द्यायचा हे जाडीवर आहे, आणि साधं सरळ प्रमाण नाही, वर्गाचं प्रमाण आहे. रेणू जेलमधून डिफ्यूजननेच बाहेर येतो, त्याला अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. म्हणून अर्धा मिलीमीटरचं जेल एक मिलीमीटरच्या जेलपेक्षा चौपट लवकर धुतलं जातं. आणि जेल प्लॅस्टिक शीटवर चिकटवलेलं असेल तर बाहेर पडायला एकच बाजू उघडी राहते, लांबचं अंतर दुप्पट झालं, परत चौपट वेळ. हे मला फार उशिरा कळलं. मी दुसऱ्याच्या मोकळ्या पातळ जेलचा प्रोटोकॉल माझ्या शीटवाल्या जाड जेलला लावत होतो आणि नशिबाला दोष देत होतो. जुन्या काळी नळीत ओतलेली गोल जेल असायची, ती तर अजून हट्टी.

धुऊन झाल्यावर जेल लगेच कूमासीत टाकू नका. जेलमध्ये राहिलेल्या टीसीएमुळे रंगाचा साका बसतो, म्हणून आधी अल्कोहोल आणि अॅसेटिक अॅसिडच्या डिस्टेनमध्ये खळबळून घ्यायचं, मग रंग.

आता हे रामबाण आहे का, तर नाही. आकाराचा फरक वापरतोय म्हटल्यावर जे प्रोटीन मुळातच छोटं आहे, म्हणजे छोटे पेप्टाइड, तेही टीसीएत नीट गोठत नाहीत आणि अँफोलाइटच्या सोबत वाहून जातात. ज्यांच्यावर साखरेचा भाग जास्त आहे अशी काही ग्लायकोप्रोटीनही टीसीएत नीट बसत नाहीत. त्यामुळे छोटे पेप्टाइड बघायचे असतील तर मग फोकसिंग आणि कूमासी ही जोडीच नको, हे माझं वैयक्तिक मत.

रंगाच्या बाजूनेही लोकांनी बरेच प्रयोग केले. 1974 ला रिगेटी आणि ड्रायस्डेल यांनी स्टेनमध्येच कॉपर सल्फेट घालायची पद्धत दिली, त्याने अँफोलाइटचं बॅकग्राउंड बरंच कमी होतं. मला त्याहून आवडते ती परक्लोरिक अॅसिडवाली, 1975 ची. त्यातली युक्ती छान आहे. कूमासीचा जी-250 हा प्रकार खूप तीव्र आम्लात निळा राहतच नाही, तो स्वतः प्रोटॉन घेतो, निगेटिव्ह चार्ज गमावतो आणि लालसर तपकिरी होतो. प्रोटीनला चिकटला की मात्र निळं रूप टिकतं. म्हणजे रंग जेलभर असला तरी फिका तपकिरी दिसतो आणि बँड निळे उठून येतात, डिस्टेनची कटकटच नाही. प्रोटीन मोजायची ब्रॅडफर्डची पद्धत 1976 ला आली तीही याच रंगबदलावर चालते, फक्त तिथे फॉस्फोरिक अॅसिड असतं. पण तोटाही आहे, या पद्धतीत सेन्सिटिव्हिटी कमी मिळते, बारीक बँड राहून जातात. आणि तीव्र परक्लोरिक अॅसिड स्फोटक होऊ शकतं, तेव्हा ते जेलवर वाळवत बसू नका.

कोलॉइडल कूमासी वेगळ्या वाटेने जातो. त्यात अमोनियम सल्फेट घालून रंगाचे कण मोठे करतात, ते जाळीत शिरत नाहीत, फक्त थोडा सुटा रंग आत जातो आणि प्रोटीन सापडलं की बसतो. बॅकग्राउंड एकदम स्वच्छ येतं, पण त्या सुट्या रंगालाही अँफोलाइट सापडले तर तो तिथेही बसणारच, त्यामुळे धुण्याची पायरी इथेही सुटत नाही. आणि सिल्व्हर स्टेन करणार असाल तर धुणं दुप्पट मनावर घ्या, चांदी कूमासीपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे, उरलेसुरले अँफोलाइटही ती दाखवते.

कधीकधी बॅकग्राउंड एकसारखं येत नाही, पट्टे येतात. हे जास्त धोकादायक, कारण निळा ठोकळा बघून माणूस निदान सावध होतो, पट्टे बघून तो पेपर लिहायला बसतो. अँफोलाइट सगळे सारख्या प्रमाणात नसतात, एखादा जास्त असतो, आणि फोकस होऊन तो आपल्या जागी रेषेत उभा असतो, त्यावर रंग बसला की दिसायला हुबेहूब बँड. ओळखायचं कसं? प्रोटीनचा बँड लेनच्या रुंदीएवढाच असतो. अँफोलाइट अख्ख्या जेलमध्ये घातलेले असतात, त्यामुळे त्यांचा पट्टा लेनच्या मधल्या मोकळ्या जागेतूनही सलग जातो. आणि एक लेन रिकामी सोडा, सॅम्पल न टाकता. तिथे जे काही दिसेल ते तुमचं प्रोटीन नाही. मी आता एकही जेल रिकाम्या लेनशिवाय करत नाही, जागेची कितीही ओढाताण असली तरी.

या फसवणुकीचा गाजलेला किस्सा रंगाचा नाही, हेपरिनचा आहे. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन. त्याच्या अंगावर सल्फेटचे ग्रुप खच्चून भरलेले असतात, म्हणजे कूमासीसारखंच पण कितीतरी जास्त निगेटिव्ह. फोकसिंग केलं की हेपरिनचे बरेच पट्टे यायचे आणि लोकांना वाटलं की हेपरिनचे इतके वेगवेगळे प्रकार आहेत. 1978 ला रिगेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तसं काही नाही, हेपरिन वेगवेगळ्या अँफोलाइटना चिकटतंय आणि प्रत्येक जोडी आपल्या वेगळ्या जागी थांबतेय. रंगाच्या बाबतीत हे करंट बंद केल्यावर ट्रेमध्ये होतं, हेपरिनच्या बाबतीत ते करंट चालू असतानाच होतं, एवढाच काय तो फरक.

मग 1982 ला वेगळीच कल्पना आली, की पीएचचा चढ सुट्या रेणूंचा ठेवायचाच नाही, बफर करणारे ग्रुप जेलच्या जाळीलाच रासायनिक बंधाने बांधून टाकायचे. इमोबिलाइन म्हणतात त्यांना, आज टू-डी जेलसाठी, म्हणजे आधी पीआयप्रमाणे आणि मग आकाराप्रमाणे प्रोटीन वेगळी करायला, ज्या आयपीजी पट्ट्या मिळतात त्या याच. चढ हलत नाही, सुटे अँफोलाइट नाहीत, प्रश्न मिटला असं वाटतं. पण पट्टी भिजवताना प्रोटीन नीट विरघळावं आणि करंट नीट वाहावा म्हणून थोडे अँफोलाइट परत घालतातच. आणि जाळीला बांधलेले अमाईन तर धुऊनही जाणार नाहीत, रंगाला ते दिसतातच, म्हणून पट्टी थेट रंगवायची असेल तर रंग कमी तीव्रतेचा घ्यायचा. टू-डीमध्ये बहुतेक जण पट्टी रंगवतच नाहीत, ती एसडीएस जेलवर, म्हणजे आकाराप्रमाणे वेगळं करणाऱ्या दुसऱ्या जेलवर, ठेवून पुढे चालवतात, तिथे छोटे अँफोलाइट सगळ्यात पुढे पळून तळाशी जातात. तळाला डाग दिसला तर त्यावर फार विचार करू नका.

राहिला प्रश्न, आधीच निळं करून बसलेल्या जेलचं काय. अगदी टाकून द्यायची गरज नाही. अल्कोहोल-अॅसेटिक अॅसिडच्या डिस्टेनमध्ये, जरा कोमट ठेवून, सगळाच रंग उतरू द्यायचा, प्रोटीनवरचासुद्धा, जीव कळवळतो पण उतरू द्यायचा. मग टीसीएच्या चार फेऱ्या, मग परत खळबळणं, मग नव्याने रंग. माझ्या त्या पहिल्या जेलला असे अडीच दिवस लागले. सात बँड यायला हवे होते, पाच आले, आणि जे दोन गेले ते छोट्या आकाराचे होते.